ठिपका वरच्या बाजूला

मंगळवार, ४ तारीख

ताई,

पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं हे शाळेत शिकवलं त्या दिवशी मी कुंपणावरून उडी मारून गेलो होतो, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. डबा मिळाला.

मिळाला म्हणजे टेम्पोवाल्याने तो पोत्यात शिवलेला दुकानाच्या पायरीवर ठेवला, कागद पुढे केला आणि म्हणाला, "सही." मी विचारलं, पाठवणाऱ्याचं नाव काय? तो म्हणाला, "नावं वाचत बसलो तर गाडी कोण चालवणार?" माणूस मला आवडला, पण भरवसा त्याच्यावरही नाही. पोत्याच्या एका कोपऱ्याचा टाका बाकीच्यांपेक्षा सैल होता.

बाकीचे टाके मात्र तुझे. शेवटी दोन उलट्या गाठी मारायची खोड दुसऱ्या कोणाची नाही. आत आपल्या शिक्क्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर, आणि चिठ्ठी नाही. पोतं उलटं केलं, झटकलं. पेंढा पडला, एक मेलेला कोळी पडला. कोळ्याकडे मी बराच वेळ बघत होतो. त्याने पाय असे जवळ घेतले होते की वाटावं काहीतरी धरलंय. काही धरलेलं नव्हतं.

ताई, चिठ्ठी का नाही? आणि माझा पत्ता? गेल्या थंडीत मी तुला एक कोरं कार्ड पाठवलं होतं, त्यावर ह्या दुकानाचा शिक्का होता एवढंच. म्हणजे तू ते जपून ठेवलंस. का ठेवलंस?

मला ह्यात पाणी मुरताना दिसतंय. बाबांनी मला बाहेर काढलं तेव्हाचे शब्द तू ऐकले होतेस: "डबा चालू करून दाखव, मग हे दार वाजव." आणि डबा ठेवला घरात, मला केलं बाहेर. वर फोन केला की स्वतः उचलतात, माझा आवाज ऐकतात आणि ठेवतात. दोन वर्षं मी विचार करतोय की आत न येता डबा दुरुस्त कसा करायचा. आता अचानक डबाच माझ्याकडे चालत येतो? हा नीट चालला नाही तर "बघा, तेव्हाही ह्यानेच जाळला होता" असं म्हणायला तुम्ही मोकळे. असं काही आहे का?

त्या दिवसाचं तुला सगळं माहीत आहे असं धरून कधी बोललोच नाही. पण तू तिथे नव्हतीस. चाळीस शिक्क्यांचं काम अंगावर होतं, डबा दर पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडत होता, बाबा म्हणत होते कंपनीचा माणूस येईल, आणि कंपनीचा माणूस येत नव्हता. त्यात दुपारभर वीज नव्हती. मी भटकून परत आलो तेव्हा वीज नुकतीच आलेली. बाबा आत झोपलेले, तू तयार शिक्के पोचवायला गेलेली. मी भिंतीचं बटण दाबलं, मग डब्याचं. फाट् असा आवाज, मागच्या जाळीतून धूर, आणि दाराशी बाबा. बस. एवढंच मी केलं. बटण दाबलं.

तू आलीस तेव्हा ते ओरडत होते. तू एकटीच माझ्या बाजूने बोललीस. "जाऊ द्या बाबा, मुद्दाम नसेल केलं त्यानं," म्हणालीस. ते मी विसरलेलो नाही.

आणि हो, बाहेर पडताना दारामागच्या विटेवर माझा अंगठा ठेचला. निळ्या कापडात गुंडाळलेली वीट. विटेला कापड कोण गुंडाळतं, हेही मी अधूनमधून विचार करत असतो.

भिंगरी


शनिवार, ८ तारीख

ताई,

तुझं उत्तर नाही. मी आपला लिहितोय.

आधी हे दुकान. बाईंचं आहे, सगळे त्यांना कथीलकाकू म्हणतात, कारण त्यांच्या बोटांना, पदराला आणि एकदा तर भुवईलाही कथलाचा थेंब चिकटलेला असतो. रेडिओ, मिक्सर, पंखे, जे बंद पडेल ते. मी सात महिने टिकलोय, माझ्या हिशेबाने म्हातारपणच आलं म्हणायचं. ह्याआधी मी रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचो, त्याआधी एका नावेवर कुत्र्याला फिरवायचो. नावेवर कुत्र्याला कुठे फिरवणार हा प्रश्न मालकाला कधी पडला नाही. काकू मला पाहुणा म्हणतात. "पाहुण्या, जाशील तेव्हा पेचकस ठेवून जा," हे रोज एकदा.

डबा बघून त्या म्हणाल्या, "कुणाचा?"

"आमच्याच घरचा."

"मग नीट काम कर. घरच्यांचं बिघडलं तर ते जन्मभर ऐकवतात."

हे त्यांना काय माहीत? मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही. निदान मला तरी तसं आठवत नाही.

बाजूचं झाकण काढलं. स्क्रू चुंबकावर ठेवले. तीन कंपनीचे, काळे. चौथा पितळी, आपण पाट्यांना लावतो तसला. तिथेच माझे कान टवकारले. कोणीतरी उघडलं होतं.

पुढचं ऐक. विजेचा पुरवठा करणारा जो चौकोनी डबा आत असतो, एसएमपीएस म्हणतात, तो जळालेला होता हे उघडच आहे, वासावरूनच कळतं. पण तो कंपनीचा नाही! बाजारातला हलका माल, वरचा कागद वाकडा चिकटवलेला, आणि त्यावरची तारीख आपला डबा फुटला त्याच्या आदल्याच महिन्यातली. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी जुना काढून हा बसवला. मला कोणी काही बोललं नाही.

काकूंनी नाकावर चष्मा ओढला. "हे तयार कंपनीचे डबे असतात ना, एक नंबरचे आडमुठे. सगळ्या जगाची तारांची रांग एक, ह्यांची वेगळी. प्लग तोच, चोवीस भोकं तीच, घालशील तर छान टक्कन बसेल. आणि बटण दाबलंस की फटाका."

"मग बाजारातला लावायचा कसा?"

"प्लगमधली एकेक तार काढायची आणि कंपनीच्या रांगेने परत खोचायची. नाजूक काम आहे. झाकणाच्या आत चित्र चिकटवलंय बघ."

चित्र होतं. आणि जळक्या एसएमपीएसचा प्लग हातात घेतला तर त्यातल्या तारा खरंच काढून परत खोचलेल्या. भोकांच्या कडांना बारीक ओरखडे, सुईचे असावेत. एका टोकाला लाल ठिपका, कंपनीत तपासून लावतात तसला काहीतरी. म्हणजे ज्याने कोणी हे केलं त्याला रांग वेगळी असते हे माहीत होतं. तरी फुटलं.

मला आता वाटतंय की बाबांनी गुपचूप कोणा मेकॅनिकला बोलावलं. त्याने अर्धवट काम करून ठेवलं, आणि बटण दाबायला नेमका मी आलो. नंतर बाबांना कळलंही असेल. पण भिंगरी आयती समोर उभी आहे म्हटल्यावर मेकॅनिकला कोण शोधत बसतो! ताई, खरं सांग. कोणी आलं होतं का दुकानात?

आत आणखी एक गोष्ट दिसली, एक खाच रिकामी. ते सोड, त्याचा इथे संबंध नाही.

इथे आमच्या समोर एक चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या पाटीतला एक डोळा रोज संध्याकाळी मिचकावतो. ट्यूब खराब आहे. मला वाटतं मुद्दाम.

भिंगरी


गुरुवार, १३ तारीख

ताई,

पाकीट आलं. उघडलं. कोरा कागद, मधोमध एक शिक्का: पाहिले.

एवढंच? दोन वर्षांनी भावाला एक शिक्का? तोसुद्धा कार्यालयांचा, पाहिले, पोचले, रद्द ह्या खोक्यातला! एक मात्र बघितलं, ठसा अगदी सरळ होता. शिक्क्याच्या मुठीवरचा ठिपका वर धरून मारलेला. बाबा घाईत मारतात आणि त्यांचा तिरका येतो. म्हणजे तू मारलास. किंवा बाबांनी ह्या वेळी घाई केली नाही.

मला दाट संशय आहे की माझी पत्रं आधी ते वाचतात. बाबा, वाचत असाल तर हा पुढचा भाग सोडून द्या.

नका सोडू. वाचा.

ती रिकामी खाच. तिथे मेमरीची दुसरी पट्टी होती. ती मी काढली. डबा फुटायच्या आठवडाभर आधी, तुम्ही दोघं जेवत असताना, पाच मिनिटांत. कोपऱ्यावर कॉम्प्युटरचं दुकान होतं ना, त्या माणसाला दिली आणि बदल्यात त्याच्याकडची दुर्बीण घेतली. तिचा एकच डोळा चालतो. दुसऱ्यातून बघितलं की बुरशी दिसते. ती अजून माझ्याकडे आहे, नावेवर, रस्त्यावर, सगळीकडे बरोबर नेली. त्या माणसाचंही बघा, मुलगा घरातून पट्टी काढून आणतोय हे त्याला कळलं नसेल का?

म्हणून त्या दिवशी मी जास्त काही बोललो नाही. तुम्ही म्हणालात, "काय केलंस?" आणि मी म्हणालो, "बटण दाबलं." दोन वर्षं मला वाटत होतं की पट्टी काढल्यामुळेच डबा फुटला. इथे डबा पायरीवर आल्यावर मी लगेच झाकण उघडलं नाही ते त्यासाठी. मी मागच्या पत्रात मेकॅनिकच्या नावाने एवढी बोंब का मारली ते आता कळलं असेल.

परवा धीर करून काकूंना विचारलं. म्हणजे असं विचारलं की एका ओळखीच्या माणसाने दोनातली एक पट्टी काढली, तर फटाका होईल का?

काकू हसल्या. चहा नाकात जाईपर्यंत हसल्या. "ओळखीच्या माणसाला सांग, एका पट्टीवर डबा हळू चालतो. रडतखडत. फुटत नाही. दोन पायांचा माणूस लंगडतो, त्याच्यातून धूर येतो का?"

"नक्की?"

"पाहुण्या, मी तेहतीस वर्षं जळकं बघतेय. पट्टीने काही झालेलं नाही. हे तारांनी झालंय."

मी मागच्या अंगणात गेलो आणि पाण्याच्या टाकीवर बसून राहिलो. तिथे मुंग्यांची रांग होती, त्यात एक मुंगी उलटी जात होती, सगळ्यांना धडकत. तिला नेमकं काय आठवलं असेल?

आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही. मग लगेच दुसरा भुंगा सुरू झाला. मी नाही, तर कोण?

नवा एसएमपीएस आणलाय, ह्या वेळी चांगला, काकूंनी हातात तोलून निवडला. "हलका असेल तो खोटारडा," म्हणाल्या. डब्यात लावायच्या आधी बाहेरच चालवून बघितला. त्याच्या प्लगमधली हिरवी तार आणि काळी तार वायरच्या तुकड्याने जोडली की तो नुसताच सुरू होतो. पंखा गरगरला. मीटर लावून पिवळी, लाल, नारिंगी, सगळ्या तारा मोजल्या. एकदा काकूंनी, एकदा मी. आणि त्या पाठमोऱ्या झाल्यावर परत एकदा मी.

रांग बदलायची ती सोमवारी. काकूंचं म्हणणं, नाजूक काम सुट्टीनंतर करावं, हात स्थिर असतो. आपल्या बाबांचा हात कसा आहे आता? आपल्या गल्लीतला एक जण मला इथे भेटला होता, तो सांगत होता की बाबा हल्ली तयार छापील शिक्के विकतात. पूर्वी असे शिक्के बघून तोंड फिरवायचे. बावीस वर्षं बसून एकेक काढलेली त्यांची अक्षरं ह्या डब्यात अडकलीत, कोरायचं यंत्र ह्याच डब्याचं ऐकतं, आणि हाताने कोरायचं म्हटलं तर कंप. मला हे माहीत आहे, ताई. मला माहीत नाही असं समजू नका.

मेकॅनिक आला होता की नाही, ते तू अजून सांगितलं नाहीस.

भिंगरी


सोमवार, १७ तारीख (हे टाकायचं नाही)

ताई,

मेकॅनिक आला नव्हता.

सकाळी मी रांग लावायला बसलो. झाकणावरचं चित्र समोर, प्लग हातात, सुईसारखं टोक असलेलं हत्यार. तार दाबून बाहेर काढायची, चित्रात बघायचं, नव्या भोकात खोचायची. हाताला लय लागली होती. बारा तारा झाल्या असतील, आणि काकूंनी माझं मनगट धरलं.

"कुठल्या बाजूने बघतोयस तू?"

"चित्राच्या."

"मग उलटं का लावतोयस?"

"उलटं कुठे? बरोबर लावतोय."

"डावीकडची पिवळी चित्रात. तुझ्याकडे उजवीकडे. सगळी रांग आरशात घातलीस."

मी बघितलं. खरंच. एकही तार चुकलेली नव्हती आणि सगळ्या चुकलेल्या होत्या. आणि मला ते कळलंही नव्हतं, कारण मी काही विचार करत नव्हतो. प्लग हा दुसऱ्या कशावर तरी जाऊन दाबला जाणार, म्हणजे तो उलटा करायचा. हात आपोआप करतो. तुला सांगायला नको. आपल्याला अक्षर आधी उलटं शिकवलं आणि मग सुलटं. बाबा ताटाशेजारी छापखान्यातला अक्षराचा खिळा ठेवायचे आणि वाचल्याशिवाय पाणी देत नसत. शाळेत मी पहिल्या दिवशी माझं नाव उलटं लिहिलं म्हणून बाईंनी कोपऱ्यात उभं केलं, तू वर्गाबाहेरून येऊन सांगितलंस की आमच्या घरी असंच लिहितात.

काकू म्हणाल्या, "चित्र हातातल्या प्लगचंच आहे रे. बघायचं आणि तसंच लावायचं. उलटं करायचं हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यात येईल? कुठलाही मेकॅनिक करणार नाही."

कुठलाही मेकॅनिक करणार नाही.

मी तो जळका एसएमपीएस कचऱ्याच्या बादलीतून काढला. त्याचा प्लग माझ्या अर्धवट प्लगशेजारी धरला. पहिल्या बारा तारा जशाच्या तशा. तीच उलटी रांग. आणि तो लाल ठिपका, जो मी कंपनीचा समजलो होतो, तो नखाने खरवडला. नखांना लावायचा रंग निघाला, ताई. दुकानातल्या प्रत्येक शिक्क्याच्या मुठीवर तू लावतेस तो ठिपका. ही बाजू वर. गिऱ्हाईकाने उलटा मारू नये म्हणून.

जगात अशी चूक करणारी माणसं तीन. बाबांच्या हाताला तेव्हाही कंप होता, त्यांना ही सुई धरताच आली नसती. मी केलं असतं तर मला आठवलं असतं. मग राहिलं कोण?

चाळीस शिक्के होते. डबा बंद पडत होता. तू बाबांना न सांगता नवा आणलास, वीज नसलेल्या दुपारी बसवलास, चालवून बघायला वीज नव्हती. मग तयार शिक्के घेऊन निघालीस. येऊन चालवून बघू म्हणाली असशील. ते सगळं मी समजू शकतो. मी बटण दाबलं नसतं तर तू दाबलं असतंस आणि तुझ्या तोंडावर धूर आला असता.

पण मग तू आलीस. दाराशीच तुला वासावरून कळलं असणार. बाबा ओरडत होते आणि तू म्हणालीस, "मुद्दाम नसेल केलं त्यानं."

ते वाक्य मी दोन वर्षं खिशात घेऊन फिरलो, एकटी माझ्या बाजूने बोलली म्हणून. नावेवर, रस्त्यावर, पोट रिकामं असताना. आज ते उलटं करून बघितलं. त्याने केलंय, फक्त मुद्दाम नाही. असं लिहिलंय त्यात. तू माझी बाजू घेत नव्हतीस ताई. तू ठसा मारत होतीस.

आणि ती वीट! निळ्या कापडातली. डबा फुटायच्या आधी दारामागे वीट नव्हतीच. दार बंद होऊ नये म्हणून आपण जुनं वजनाचं माप ठेवायचो. कंपनीचा काढलेला एसएमपीएस साधारण विटेएवढाच असतो, वजनही तेवढंच. तू तो टाकलाही नाहीस. दारामागे ठेवलास, रोज पायाखाली.

मला इतका राग आलाय की काकूंनी मला टेबलापासून दूर बसवलंय. "राग गेला की तारा लाव," म्हणाल्या. कशाचा राग ते विचारलं नाही. त्या विचारत नाहीत ह्याचाही मला आधी संशय यायचा.

हे पत्र बाबांनी उघडलं तर माझं सगळं काम एका दिवसात होईल. पेटीत टाकायचं, एवढंच. टपालाची पेटी कोपऱ्यावरच आहे.

दोनदा तिथपर्यंत जाऊन आलो.


सोमवार, २४ तारीख

ताई,

डबा चालू झाला.

तारा काढून सगळी रांग पहिल्यापासून लावली, चित्र जसं आहे तसं. चारपैकी तीनच स्क्रूची भोकं जुळली, काकू म्हणाल्या तीन पुरे, तो काही पळून जाणार नाही. शेवटी बटण दाबायची वेळ आली तर माझा हात पुढे जाईना. काकूंच्या एका हातात चहा आणि दुसऱ्यात कुणाचं तरी घड्याळ, त्यांनी कोपरानेच दाबलं. फाट् झालं नाही. पंखा फिरला. मग पडदा निळा झाला आणि बाबांची अक्षरं आली, ओळीने, उलटी. त्या दिवशीचं काम उघडलं, तेरावा शिक्का. पूर्ण वाचून झाल्यावर मला कळलं की मी उलटं वाचतोय. तो हलका एसएमपीएस स्वतःच फुटला आणि मागचं सगळं वाचलं. काकू म्हणाल्या, खोटारड्याने मरताना एक बरं काम केलं.

रिकाम्या खाचेत काकूंनी त्यांच्याकडची पट्टी बसवली. दुर्बीण मागितली बदल्यात. देणार होतो, मग म्हणाल्या, राहू दे, एका डोळ्याने मला आधीच पुष्कळ दिसतं.

झाकणाच्या आत, त्या चित्राखाली, मी सुईने कोरून ठेवलंय: आहे तसंच बघावं. आमच्या घरच्यांनी विशेष.

मधे एक पत्र लिहिलं होतं ते टाकलं नाही. दुर्बिणीच्या पिशवीत आहे. त्यात काय आहे ते तुला माहीत आहे. तू जळका एसएमपीएस काढून ठेवला असतास आणि रिकामा डबा पाठवला असतास तर मला जन्मात काही कळलं नसतं. तू तसं केलं नाहीस. ठिपकाही पुसला नाहीस. पोत्यात चिठ्ठी नाही म्हणून मी पेंढा झटकत बसलो होतो.

तरी मी तुला सोडलेलं नाही. माझा अजून एक संशय आहे, तो असा की मी येईन तेव्हा तू नेमकी शिक्के पोचवायला गेलेली असशील. ह्या वेळी जायचं नाही.

रविवारी सकाळी दहाला मी दार वाजवीन. काकूंनी विचारलं, परत येणार का? मी म्हटलं, पेचकस ठेवून जातोय. त्या म्हणाल्या, "म्हणजे येणार."

दार बाबांना उघडू दे. मी आधी पट्टीचं सांगीन, त्यांनी माझी पत्रं वाचली नसतील तर. शिव्या मी खाऊन घेतो, म्हणजे सुरुवात तुला करायला नको. दारामागची वीट तेवढी कापड काढून टेबलावर ठेव. बाबा विचारतील हे काय, तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी मधे बोलणार नाही. मी नुसता तारा जोडत बसेन, ठिपक्याची बाजू वर धरून.

बटण तू दाबायचं.

भिंगरी